दारू घरी राहून सोडवता येते का? (कोल्हापूर)

करवीरकर_७७:
कागलकडचे पाहुणे, वय 44. पंधरा वर्षं रोज पितात, हल्ली दोन क्वार्टर. सकाळी हात थरथरतात, घोट पोटात गेला की थांबतात. सोडायला तयार आहेत, पण ॲडमिट व्हायचं नाही म्हणतात. सोमवारपासून एकदम बंद करणार. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत दाखवून घरी ठेवलं तर चालेल का?

पंचगंगा_घाट:
आधी डॉक्टर, मग सोमवार. सकाळची थरथर म्हणजे शरीराला दारूची सवय जडलीय. थरथर, घाम, मळमळ शेवटच्या घोटानंतर 6 ते 8 तासांत सुरू होते. फिट बहुधा 6 ते 48 तासांत येते. भास, भ्रम, ताप हे सगळं 48 ते 96 तासांत. सोमवारी सोडली तर बुधवार-गुरुवार जड. पहिला दिवस बरा गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, तिथंच घात होतो.

आधी कधी फिट किंवा भ्रम झालाय का? कावीळ, पोटात पाणी? हृदयाचा त्रास? झोपेच्या गोळ्यांची सवय? यातलं एक जरी असेल तर घरी नको, ॲडमिटच करा. नसेल, आणि न पिणारं एक माणूस रात्रंदिवस जवळ थांबणार असेल, तर मानसोपचार विभागात दाखवून घरी जमतं.

औषधवाला_राजारामपुरी:
दारू बंद केल्यावरचा त्रास आवरायला घरी बहुतेक वेळा क्लोरडायझेपॉक्साइड देतात. उदाहरणादाखल, 25 मिग्रॅच्या गोळ्या सकाळी 1, दुपारी 1, रात्री 2, आणि मग 7 ते 10 दिवसांत कमी करत बंद. किती द्यायच्या ते डॉक्टर तपासून ठरवतात, हा आकडा बघून दुकानात जाऊ नका. चिठ्ठीशिवाय मिळतही नाहीत. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम देतात, म्हणून एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, आधी करा.

पाकीट पेशंटच्या हातात कधीच नको. तारीख टाकून कागदाच्या पुड्या करा आणि वेळेला एकच पुडी द्या. माणूस पेंगुळला असेल, जीभ जड झाली असेल तर पुढची पुडी द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. वर दारू घेतली तर श्वास मंदावतो. आणि या दिवसांत मोटरसायकलची चावी काढून ठेवा.

समुपदेशक_शाहूपुरी:
एक गोष्ट राहिली. गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावा’ म्हणू नका. सलाईन बहुधा ग्लुकोजची असते. पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-1, आधीच कमी असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. मग डोळे फिरतात, चाल लडखडते, गोंधळ उडतो, आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन आधी. लिहून न्या म्हणजे सांगायला सोपं.

चादरीवरचे नसलेले किडे वेचायला लागले, दिवस कुठला ते सांगता येईना, किंवा फिट आली, की गाडी काढा; सकाळची ओपीडी उघडेपर्यंत थांबायचं नाही. तंबाखूचा मावा याच आठवड्यात सोडवायचा हट्ट करू नका.

करवीरकर_७७:
समजलं. घरातले म्हणतात, पुन्हा पिऊ नये म्हणून चहातून गुपचूप गोळी देऊया.

पंचगंगा_घाट:
अजिबात नको! ती डायसल्फिराम. ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी घसरतं, जीवही जातो. पेशंटला माहीतच नसेल तर तो सावध कसा राहणार? शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास गेल्यावरच, त्याला सांगून, त्याच्या संमतीने देतात. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. दारू असलेल्या खोकल्याच्या औषधानेही रिॲक्शन येते.

औषधवाला_राजारामपुरी:
ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, रोज 50 मिग्रॅ. अंगदुखीसाठी ट्रामाडॉल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) चालू असेल तर ते आधी सांगा. चालू असताना नाल्ट्रेक्सोन दिलं तर जोराचा विथड्रॉवल (औषध एकदम तुटल्याचा त्रास) होतो, 7 ते 10 दिवसांचं अंतर लागतं. लिव्हर फारच बिघडलेलं असेल तर अकॅम्प्रोसेट, 333 मिग्रॅच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, पण त्याला किडनी धड हवी, म्हणून क्रिएटिनिन करून घ्या. पहिल्या आठवड्यानंतर लोक बरं वाटतंय म्हणून थांबतात. ही औषधं मात्र महिनोन्‌महिने चालतात.

करवीरकर_७७:
सोमवारी पिणं न थांबवता आधी ओपीडीत नेतो. एलएफटी आणि क्रिएटिनिन आजच सांगून ठेवतो.

समुपदेशक_शाहूपुरी:
बरोबर. बरोबर राहणारं माणूसही त्याच दिवशी न्या, गोळ्यांचा हिशेब त्यालाच समजावून देतात. मोफत सल्ल्यासाठी 14446 वर फोन लावता येतो.