०.१ मायक्रॉनचा फिल्टर, मग पाणी खारटच कसं?

रानवाट: पिशवीला लावून पिळायचा छोटा फिल्टर घेतलाय. वर '०.१ मायक्रॉन मेम्ब्रेन' लिहिलंय. गढूळ पाणी नितळ येतं, पण खारट पाणी खारटच राहतं. मेम्ब्रेन फाटलंय का? शिवाय धारही बारीक झालीये.

भटकी: धारेसाठी सिरिंजने स्वच्छ पाणी उलट्या बाजूने जोरात मारा. खारटपणाचं जाणकार सांगतील.

पोकळतंतू: मेम्ब्रेन हेच माझं रोजचं काम, त्यामुळे जरा पाल्हाळ होईल.

आत पोकळ तंतूंचा जुडगा असतो, दुमडून टोकं राळेत बसवलेला. या तंतूंच्या सच्छिद्र भिंती हेच मेम्ब्रेन, आणि ०.१ मायक्रॉन हा त्यातल्या छिद्रांचा आकार (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाणी बाहेरून तंतूच्या भिंतीतून आत झिरपतं आणि पोकळीतून तोटीकडे येतं. जिआर्डिया या जुलाब लावणाऱ्या परजीवीची सिस्ट (कवचबंद अवस्था) ८ ते १२ मायक्रॉनची, तशाच क्रिप्टोस्पोरिडियम परजीवीची ४ ते ६, ई. कोलाय हा जीवाणू साधारण अर्धा मायक्रॉन रुंद. सगळे बाहेरच अडकतात. त्यांचा आणि गाळाचा थर भिंतीवर बसतो, म्हणून धार मंदावते.

मिठाचे आयन मात्र नॅनोमीटरहूनही लहान, ते आरामात पार जातात. त्यांना आरओ लागतो, आणि समुद्राच्या पाण्याला तर ५५ ते ७० बार दाब (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). हाताने पिळून ते होणे नाही! फ्लोराइड आणि आर्सेनिकचंही तेच. नितळ दिसलं म्हणजे शुद्ध झालं, असं धरू नका.

विषाणूंची खरी काळजी घ्या. हेपॅटायटिस ए चा विषाणू सुमारे २७ नॅनोमीटरचा, म्हणजे तुमच्या ०.१ मायक्रॉन (१०० नॅनोमीटर) छिद्राच्या जेमतेम चौथाई. सांडपाणी मिसळण्याची शंका असेल तर गाळल्यावर क्लोरीनची गोळी टाका आणि पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. क्रिप्टो क्लोरीनला दाद देत नाही, विषाणू या मेम्ब्रेनला. जोडी छान जमते. आधी गाळायचं, कारण गढूळपणा क्लोरीन खाऊन टाकतो.

फाटल्याची शंका असेल तर फिल्टर पूर्ण भिजवा, पाणी आत घ्यायची बाजू पाण्यात बुडवा आणि तोटीकडून फुंका. शाबूत ओल्या छिद्रांतलं पाणी पृष्ठताणामुळे हवेला वाट देत नाही, ते हटवायला काही बार दाब लागतो. बुडबुडे आले तर तंतू तुटलाय.

रानवाट: फुंकून पाहिलं, एकही बुडबुडा नाही. आता बर्फाळ भागात न्यायचाय, काय सांभाळू?

पोकळतंतू: गोठू देऊ नका. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं, तंतू तडकू शकतात. वरून काही दिसत नाही, उलट धार सुधारल्यासारखी वाटते. बारीक तडा फुंकरीलाही सापडेलच असं नाही, म्हणून एकदा गोठलेला फिल्टर मी ठेवतच नाही. रात्री झाकणबंद पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, दिवसा जॅकेटच्या आतल्या खिशात. अजून एकदाही न भिजलेल्या, कोरड्या फिल्टरला ही भीती नाही.