युक्रेनचा मेदवेदेव खरंच एवढा भारी होता का?

धरमपेठकर: रामनगरच्या टेनिस कोर्टवर काका लोक चहा पिता पिता सांगून राहिले होते की रशियाच्या डॅनिलच्या आधी पण एक मेदवेदेव होता, आंद्रेई, क्लेवर (म्हणजे मातीच्या कोर्टवर) लय डेंजर. खरंच का बे, की उगाच?

संत्रा_सर्व्ह: उगाच काऊन? कीवचा पोरगा, १९९४ मध्ये जगात ४ नंबर, मोंटे कार्लोची टूर्नामेंट एकदा अन् हॅम्बुर्गची तीनदा मारली. मंग घसरला. १९९९ च्या फ्रेंच ओपनला रँकिंग १००, तरी सँप्रासला घरी पाठवलं, मंग कुएर्तेनला, अन् फायनलमध्ये आगासीसमोर ६-१, ६-२ घेऊन बसला होता राजेहो!

बॅकहँडभाऊ: तिसऱ्या सेटमध्ये ४-४ ला ब्रेक पॉइंट (आगासीच्या सर्व्हिसवर गेम मारायचा चान्स) भेटला होता त्याले, तो हुकला अन् मंग आगासी सुटलाच, मॅच मारूनच थांबला. लोक त्याले चोकर (ऐन वेळी कच खाणारा) म्हणतात, माह्या मते फालतू गोष्ट हाय, १०० नंबरवाला फायनलले येते हेच लय झालं.

धरमपेठकर: अन् पुढे?

संत्रा_सर्व्ह: २००१ मध्ये रिटायर, सत्ताविशीच्या आसपास. ११ टायटल, ग्रँड स्लॅम एकबी नाई. ती फायनल पूर्ण पाय, फक्त हायलाइट्स नको पाहू.