मेंढा-लेखावर माहितीपट काढायचा तर लढा दाखवायचा की कारभार?

वेळूबन:
गावकऱ्यांच्या जंगल-लढ्यांवरचे बहुतेक माहितीपट एकाच वळणाचे असतात. मोर्चा, घोषणा, एका नेत्याची लांब मुलाखत आणि मध्ये मध्ये ड्रोनमधून दिसणारं हिरवं रान. धानोरा तालुक्यातल्या (जि. गडचिरोली) मेंढा-लेखावर पुन्हा असाच माहितीपट काढणं हा गावावर अन्याय आहे. २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. हे सगळ्यांनी वाचलंय. पण हक्क मिळाल्यावर बांबू तोडायचा कसा, हे पडद्यावर कुठे दिसतं?

मानवेल बांबूच्या बेटात (एकत्र वाढलेल्या पुंजक्यात) नवे कोंब बाहेरच्या कडेने येतात, म्हणून जुने बांबू आतून काढायचे असतात. त्यासाठी एका बाजूने वाट करून आत शिरावं लागतं, म्हणजे वरून पाहिलं तर बेट घोड्याच्या नालेसारखं दिसतं. नगावर मजुरी घेणारा माणूस हाताला लागेल तो कडेचा बांबू तोडतो. मग आतला जून बांबू तसाच वाळतो, बेट गच्च होतं आणि कोंबांना जागा उरत नाही. वर्षाच्या आतला बांबू ओळखणं सोपं: पेरांवर खोळ चिकटलेली, अंगावर पांढरी भुकटी. त्याला हात लावायचा नाही. कापायचं ते जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या (गाठीच्या) लगेच वर. पेराच्या बरंच वर कापलं तर खुंटाच्या पोकळीत पाणी साचून तो कुजतो. बेटात किमान आठेक पक्के बांबू राखायचे आणि पावसाळ्यात तोड बंद. यावर वीस मिनिटं खर्च करणारा माहितीपट मला हवा आहे.

सागवान:
तुम्ही सांगताय ती वनखात्याच्या प्रशिक्षणाची चित्रफीत झाली. तीही हवी, पण तिला मेंढा-लेखाची गोष्ट म्हणू नका. २००९ ते २०११ या दोन वर्षांत काय झालं ते बघा. २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या (लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या मालाच्या) व्याख्येत बांबू स्पष्ट लिहिलेला आहे. तरी १९२७च्या भारतीय वन कायद्यात तेव्हा (२०१७च्या दुरुस्तीपर्यंत) बांबू झाडात मोडत होता, हे कारण पुढे करून वाहतूक परवाना अडवला गेला. म्हणजे बांबू तोडायचा हक्क गावाचा, पण तो रस्त्यावर आणला की गुन्हा! वर्षानुवर्षं हाच बांबू भाडेपट्ट्याने कागद कारखान्याला जात होता. हा पेच न दाखवता नुसती कोयत्याची सफाई दाखवलीत, तर प्रेक्षकाला वाटेल की गाव शहाणं होतं म्हणून सरकारने आपणहून जंगल दिलं. १९८०च्या दशकात इचंपल्ली-भोपालपटनम या प्रस्तावित धरणांविरुद्ध आदिवासी उभे राहिले, ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथून पुढे आली. ती मुळं कापून चालणार नाही.

रानवाट:
दोघांचंही अर्धंच पटतं. मेंढ्याचं खरं वेगळेपण सर्वसहमतीत आहे. तिथे बहुमताने निर्णय होत नाही. आधी अभ्यासगटात विषय चघळला जातो, मग ग्रामसभेत येतो, आणि एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो. हे चित्रित करणं महाकठीण. गोल बसलेल्या पन्नास माणसांत कॉलर माइक दोघांनाच लावले, तर ते दोघेच पुढारी होऊन बसतात. त्यापेक्षा एक बूम (लांब दांड्यावरचा माइक) आणि वर्तुळात विखरून ठेवलेले तीन-चार माइक बरे. कॅमेरे दोन हवेत: एक बोलणाऱ्यावर, दुसरा गप्प बसलेल्यांवर. गावाची गोंडी भाषा जाणणारा माणूस संकलनाच्या टेबलावर शेवटपर्यंत लागतो, नाहीतर वाक्य मध्येच कापलं जातं आणि कोणाला कळतही नाही. सगळ्यात मोठी चूक मात्र संकलनात होते. चार तासांची सभा चार मिनिटांत बसवताना ‘नाही’ म्हणणारा आधी उडतो आणि उरतात माना डोलावणारे. सहमती इतकी स्वस्त असते असं दाखवणं म्हणजे खोटं सांगणं.

सागवान:
विरोध करणारा राहिलाच पाहिजे, मान्य. पण मेंढा शंभरेक घरांचं, सगळं गोंड वस्तीचं गाव आहे. मिश्र वस्तीच्या, हजार घरांच्या गावात सर्वसहमती अशी चालेल, हा समज माहितीपटाने पसरवू नये. २०१३मध्ये गावाने ग्रामदानाचा (जमिनीची मालकी गावाकडे सोपवण्याचा) निर्णय घेतला, तोही याच एकजिनसीपणामुळे शक्य झाला.

वेळूबन:
‘एकजिनसी’ म्हणून तुम्ही त्यांची मेहनत हलकी करताय. एकाच जमातीच्या कितीतरी गावांत पैशावरून ग्रामसभा फुटल्या आहेत. बांबूचा पैसा आला की प्रश्न सुरू होतात: मजुरी कधी द्यायची, गस्तीला कोण जाणार, लिलावाच्या अटी कोण लिहिणार, पावती कोण फाडणार. वनहक्क कायद्याच्या २०१२च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देते. म्हणजे परवान्यावरचा नगांचा आकडा, डेपोतली मोजणी आणि बँकेतली जमा या तिन्हींचा मेळ गावानेच घालायचा. मेळ बसला नाही तर त्याच दिवशी सभेत विचारणारा कोणीतरी लागतो. हे दाखवा ना!

रानवाट:
त्यासाठी एका फेरीत चित्रीकरण उरकून भागणार नाही. मोहफुलं मार्च-एप्रिलात, तेंदू एप्रिल-मेमध्ये, बांबूचे कोंब पावसाळ्यात, तोड त्यानंतर. चार ऋतूंत चार फेऱ्या धराव्याच लागतील. परवानगीही वनखात्याआधी ग्रामसभेची घ्यायची, आणि कच्चं संकलन सभेत दाखवायचं हे तिथेच लिहून द्यायचं.

सागवान:
दाखवा, पण अंतिम संकलनाचा अधिकार सभेला देऊ नका. मग गावाला अडचणीचं ते सगळं गळेल आणि स्तुतिपट उरेल.

रानवाट:
चुकीचं भाषांतर आणि खासगी बाबी, या दोन गोष्टींवर सभेचा शब्द शेवटचा. बाकी दिग्दर्शकाचा. यावर तुमचा आक्षेप काय आहे, तो सांगा.