हंगुल ही जगातली सर्वात शास्त्रीय लिपी आहे, की हे नुसतं कौतुक?

निळा_पतंग (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो. उच्चारशास्त्र आणि लिपी यांची इतकी घट्ट सांगड दुसरीकडे कुठेही नाही. कोरियाचा राजा सेजोंग याने १४४३ साली हंगुल ही कोरियन लिपी तयार केली, १४४६ साली जाहीर केली, आणि सोबत दरबारी विद्वानांकडून तिचं स्पष्टीकरणही लिहवून घेतलं. 'क'चं अक्षर म्हणजे घसा अडवणारं जिभेचं मूळ, 'न' म्हणजे वर टेकलेलं जिभेचं टोक, 'म'चा चौकोन म्हणजे तोंड. 'क'मध्ये एक रेघ वाढवली की 'ख' तयार! आपली वर्णमाला शास्त्रीय आहे, मान्य. पण क आणि ख दिसायला एकमेकांचे कोण लागतात? आकारांत शास्त्र कुठे आहे?

बखरकार

झालं सुरू! अहो, उच्चारस्थानांनुसार व्यंजनांचे वर्ग पाडणं ही कल्पना मूळची इथली. बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनला गेली, तिथल्या ध्वनिशास्त्रात मुरली आणि सेजोंगने तेच वाचलं होतं. शिवाय कोरियाचे अभ्यासक गॅरी लेडयार्ड यांच्या मते हंगुलची काही मूळ अक्षरं मंगोल दरबाराच्या फाग्स-पा लिपीवरून आली. फाग्स-पा तिबेटीवरून, तिबेटी ब्राह्मीच्या कुळातली. म्हणजे घरचंच लेणं! आणि आकारांचं म्हणाल तर प ला शेपूट लावा, फ होतो. ब्राह्मीतसुद्धा तसंच होतं.

निळा_पतंग

एका प-फ वर किती दिवस काढणार? ग-घ, द-ध दाखवा.

ध्वनिवेडी

दोघांनाही थोडं अडवते.

बखरकार, लेडयार्ड यांचं मत आजही वादाचंच आहे. आणि त्यांनीही मोजक्याच अक्षरांबद्दल ते मांडलं. रेघा वाढवून बाकीची घडवण्याचं श्रेय कोरियालाच दिलं. सेजोंगच्या विद्वानांचं ते स्पष्टीकरण १९४० साली हाती लागेपर्यंत तर अक्षरं खिडकीच्या जाळीवरून सुचली, असंही लोक सांगत. तेव्हा 'घरचंच लेणं' जरा जपून.

पतंग, आकार शास्त्रीय आहेत म्हणून काही लेखन आपोआप उच्चाराबरहुकूम होत नाही. नवरा-बायको या अर्थाचा शब्द घ्या, 'पुबू'. त्यात एकच व्यंजन दोनदा लिहितात. सुरुवातीला ते प सारखं ऐकू येतं, दोन स्वरांमध्ये ब सारखं. कोरियन माणसाला तो फरक सहसा जाणवतही नाही. 'फूल' या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी च-गटातलं अक्षर लिहितात, पण सुटा शब्द बोलताना त येतो. पुढे स्वराचा प्रत्यय लागला की च पुन्हा डोकं वर काढतो. १९३३ च्या लेखननियमांनी हे जाणूनबुजून ठेवलंय, म्हणजे शब्दाचं मूळ रूप डोळ्यांना एकच दिसतं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. सोलच्या तरुण पिढीत साधा क आणि महाप्राण ख शब्दारंभी आता हवेच्या झोतापेक्षा सुराच्या उंचीवरून ओळखले जातात. साध्याला खालचा सूर, महाप्राणाला वरचा. सेजोंगच्या काळी सूर दाखवायला अक्षराच्या डाव्या बाजूला ठिपके देत. सोलच्या बोलीतले ते सूर गेले, ठिपकेही गेले. आता सोलमध्ये नवा सूर येतोय आणि लिपीत त्याची नोंदच नाही.

निळा_पतंग

उच्चार बदलले यात लिपीचा काय दोष? आपणही 'चाक' आणि 'चहा' एकाच च ने लिहितो की. मी आराखड्याबद्दल बोलतोय. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री सॅम्पसन यांनी १९८५ मध्ये हंगुलसाठी लिपींचा वेगळा वर्गच पाडला, कारण तिथे रेघसुद्धा ध्वनीचा गुणधर्म सांगते. तसं देवनागरीत नाही.

बखरकार

बरं, मग त्या आराखड्यात 'घर' आणि 'बाळ' लिहून दाखवा. घ नाही, ळ नाही. इंडोनेशियात चिया-चिया भाषेसाठी २००९ पासून हंगुल वापरायला घेतली, तर 'व'साठी बाद झालेलं जुनं अक्षर उकरून काढावं लागलं.

ध्वनिवेडी

सेजोंगने लिपी कोरियन बोलणाऱ्यांसाठी केली होती, बखरकार. कोरियनमध्ये घ नाहीच, तर अक्षर कशाला पाडेल?