विषय: भिंतीवरची खळ. मंडळाचा स्टीमर कोणाकडे?

नमस्कार मंडळी,
मागच्या खोलीचा वॉलपेपर निघाला, खळ मात्र तशीच आहे. कोरडी असताना दिसत नाही, ओला हात फिरवला की शेवाळासारखी बुळबुळीत लागते. रंगारी सोमवारी येतोय. म्हणतो, यावर इमल्शन मारलं तर तडे जाऊन पापुद्रे निघतील. वाफेने वॉलपेपर आणि खळ सोडवायचा मंडळाचा स्टीमर कपाटात नाही. कोणाकडे आहे?
मीनल

मीनल, कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. तुला कपाट कोणी उघडून दिलं? वस्तू नेताना वहीत सही करायची, हे सभेत ठरलंय.
खजिनदार

वहीचा विषय निघालाच आहे तर मोठी समई कुठे आहे?
शुभदा

मीनल, स्टीमरची वाट बघू नकोस. उकळतं पाणी आणि भांड्यांचा साबण घे. लंडनमधल्या हॅरोचं घर घेतलं तेव्हा आम्ही सगळ्या भिंती अशाच धुतल्या.
नानाकाका

नानाकाका, उकळतं नको. इथली पुडीतली खळ बरेचदा मिथाइल सेल्युलोजची असते. ती गार पाण्यात विरघळते आणि तापवली की उलट घट्ट होते. म्हणून तर पुडीवर थंड पाण्यात कालवा असं लिहितात. मीनल, गार पाणी फवारून थोडं थांब, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवड, शेवटी स्पंज. बादलीतलं पाणी सतत बदल, नाहीतर तीच खळ परत भिंतीला फासली जाते. कोरडं घासू नकोस. जुन्या घरात खाली शिशाचा रंग असू शकतो.
अमोल

आमच्या आईने जन्मभर लुगड्यांना खळ घातली. गरम पाण्याशिवाय ती निघत नाही.
नानाकाका

काका, ती पिठाची. मीनलच्या घरातही तळाशी पिठाची असेल, घर १९३० च्या दशकातलं आहे ना? भिंतीवर पातळ केलेल्या बेटाडीनचा (त्यात आयोडीन असतं) एक थेंब टाक. निळंकाळं झालं तर स्टार्च, मग काकांचं गरम पाणी.
अमोल

कागदाचा तुकडा चिकटलेला असेल तर तोही काळा पडतो. कागदात स्टार्च असतो. आधी नीट खरवडा.
शुभदा (समईचं कोणीच बोललं नाही)

खजिनदारसाहेब, सही केलेली आहे, पान उलटून बघा. स्टीमर आमच्या गॅरेजमध्ये आहे, नळी गळते. मीनल, बेटाडीन पुण्याहून आणलेलं आहे, शनिवारी घेऊन जा.
संजय