देणगीआधी जनुकीय अहवाल

आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे दृष्टिपटलाच्या पेशी हळूहळू मरत जाणारा आनुवंशिक डोळ्यांचा आजार) असलेल्या मुलाच्या घरच्यांनी संशोधनाला पैशांखेरीज कसा हातभार लावावा, असं एकाने विचारलंय. माझ्या मते पहिलं काम जनुकीय चाचणीचं. नुसतं 'आरपी' एवढं निदान पुरत नाही. उदाहरणार्थ, २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं लक्सटर्ना हे जनुकीय उपचाराचं औषध आरपीई६५ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असेल तरच देतात, तेही दृष्टिपटलात पुरेशा जिवंत पेशी उरल्या असतील तर. अहवालात एकाच जनुकात दोन बदल दिसले तर आईवडिलांचे नमुनेही तपासून घ्या. ते बदल जनुकाच्या एकाच प्रतीवर आहेत की वेगवेगळ्या, हे त्यातून कळतं. मग रुग्ण-नोंदवहीत, म्हणजे संशोधकांसाठी ठेवलेल्या रुग्णांच्या यादीत, नाव घाला. ओसीटीची (दृष्टिपटलाच्या थरांच्या स्कॅनची) छापील प्रत नको, मूळ फाइल मागा. संशोधनात सहभागासाठी कुणी पैसे मागितले तर मात्र आधी कागदपत्रं तुमच्या रेटिनातज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सही करू नका.