आमदारांनी खर्चाचा हिशोब मागितला तर गावाला काय मिळणार?

दादा, तुम्ही म्हणताय आमदार सभागृहात सरकारी खर्चाचा हिशोब मागायलेत त्यानं गावाला काय मिळणार, पण मला ते लई गरजेचं वाटतंय. मार्चमध्ये बजेट होतं आन् मग अधिवेशन आलं की पुरवणी मागण्या, म्हंजे बजेटच्या वर आणखी पैसे मागणं, आपल्या मराठवाड्याचा अनुशेष, म्हंजे मागं राहिलेला विकास, तर तो मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून ऐकतोय. त्या अनुशेषावर नजर ठेवणाऱ्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत २०२० मध्येच संपली, मग लक्ष ठेवणार कोण? संभाजीनगरजवळचं पाटोदा बघा, सगळा टॅक्स भरणाऱ्याचं दळण ग्रामपंचायतीनं फुकट दळून द्यायला सुरुवात केली, म्हणून तर लांबून लोक ते गाव बघायला येतात. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तीदिनाचं झेंडावंदन झालं की त्याच ठिकाणी गावाचा जमाखर्च वाचून दाखवा, मी येतो.